थेंब घालूनही दिसण्यात फरक नाही, मग घालायचे कशाला?

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

मालवणजवळच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्या ४३ वर्षांच्या. वडील ६९ वर्षांचे, एस.टी.तून चालक म्हणून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी शिबिरातून उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याच वेळी दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचं कळलं. डोळ्यांचा दाब २८ आणि ३० होता. दोन बाटल्या थेंब सुरू झाले. त्या लिहितात, "डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही. बाबांचं मन मोडेल म्हणून मी त्यांना ते कळू दिलं नाही. 'नेमाने थेंब घाला, हळूहळू दिसायला लागेल,' एवढंच म्हटलं. आता समजलं की गेले सात-आठ महिने त्यांनी थेंब सोडूनच दिले आहेत. विचारलं तर म्हणाले, 'माका कायच फरक पडूक नाय, मग घालू कित्याक?' मुंबईचा भाऊ म्हणतो, एकदाचं ऑपरेशन करून टाकूया. आत्या म्हणते, औषधाच्या थेंबांनी डोळे बिघडतात, त्यापेक्षा मध घाला. बाबा अजून स्कूटर चालवतात. महिनाभरात दोनदा डाव्या बाजूच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) घासली. बाकी तब्येत ठणठणीत, पावसाळ्यात तेवढा दमा उसळतो. त्यांना खरं सांगू की नको? आणि ऑपरेशनचं काय करू?"

उत्तर

ताई,

तुमच्या प्रश्नांकडे येते, पण आधी पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात त्या एका वाक्यावर थांबते. बाबांना दमा आहे.

काचबिंदूच्या थेंबांमध्ये टिमोलॉल नावाचं औषध फार वापरलं जातं. जुनं आहे, स्वस्त आहे, दाब चांगला उतरवतं. पण डोळ्यात घातलेला थेंब तिथेच राहत नाही. आतल्या कोपऱ्यातून तो नाकात उतरतो आणि तिथून रक्तात जातो. टिमोलॉलमुळे दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळू शकतात, नाडीही मंदावू शकते. म्हणून दमा असणाऱ्याला ते देत नाहीत. शिबिराच्या गर्दीत बाबांना कुणी दम्याचं विचारलं नसेल, किंवा विचारलं तेव्हा ते "काय नाय" म्हणाले असतील. दोन्ही बाटल्या काढा आणि खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. टिमोलॉल कधी एकटं असतं, कधी दुसऱ्या औषधाबरोबर एकाच बाटलीत. ते नाव दिसलं तर पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करून दम्याचं स्पष्ट सांगा. त्याऐवजी देता येतील अशी दुसरी औषधं आहेत. आणि थेंब चालू होते त्या पावसाळ्यात बाबांना दम जास्त लागत होता का, तेही आठवून पाहा. माणूस औषध सोडतो तेव्हा कधी कधी शरीराला काहीतरी कळलेलं असतं, तोंडाला मात्र ते सांगता येत नाही.

आता खरं सांगायचं की नाही, त्याबद्दल.

मी सत्तावीस वर्षं तळकोकणातल्या ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी होते. तक्ता वाचून घेणं, दाब मोजणं, शिबिरांच्या याद्या करणं हे माझं काम. तुम्ही जे केलंत ते सुरुवातीची कित्येक वर्षं मीही केलं. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला 'गेलेली नजर येणार नाही' हे सांगवत नसे. "घालत राहा, बरं वाटेल," असं म्हणून चिठ्ठी हातात द्यायची. ती माणसं दोन-तीन महिने यायची आणि मग यायची बंद व्हायची. पाच वर्षांनी कुणाचा तरी हात धरून आली, की डोळ्यात बघायला काही उरलेलं नसायचं. हे का होतं ते कळायला मला फार वेळ लागला.

तुम्हाला वाटतंय की बाबा ऐकत नाहीत. मला तर वाटतं, त्यांनी तुमचं अगदी शब्दशः ऐकलं. तुम्ही म्हणालात, थेंब घातले की दिसायला लागेल. त्यांनी वर्षभर घातले, डोळे चुरचुरले तरी घातले. रोज बघितलं, दिसण्यात काही फरक नाही. मग थांबले. जन्मभर गाडी चालवलेला माणूस आहे. जो पार्ट काम करत नाही तो कशाला ठेवायचा, हा त्यांचा हिशोब सरळ आहे. चुकीचं होतं ते मोजमाप, आणि ते त्यांच्या हातात आपण दिलं.

शिवाय मोतीबिंदूची आठवण ताजी होती. तिथे तर दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दिसले. मोतीबिंदू, काचबिंदू, नावंही भावंडांसारखी. माणूस दोन्हींकडून सारखीच अपेक्षा करणार. पण मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवता येतं. काचबिंदूत मरते ती डोळ्यामागची नस. एका डोळ्याच्या नसेत दहा-बारा लाख बारीक तंतू असतात, आणि त्यातला एकही तंतू एकदा मेला की पुन्हा उगवत नाही. नवी नस बसवायची सोय आज जगात कुठेही नाही.

हे बाबांना कळेल अशा शब्दांत सांगायचं तर घरच्या पन्हळीपासून सुरुवात करा. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होत असतं. अश्रू वेगळे, ते बाहेरून वाहतात. हे पाणी आतलं. साधारण दीड-दोन तासांत ते सगळं बदलतं, इतका त्याचा वाहता कारभार. ते जातं एका बारीक जाळीतून, डोळ्याच्या रंगीत पडद्याच्या कडेला असलेल्या कोनातून. पन्हळीत पाला साचला की कौलांवरचं पाणी कसं तुंबतं, तसं ही जाळी वयोमानाने बुजत गेली की आतला दाब चढतो. सर्वसाधारणपणे हा दाब १० ते २१ असतो. बाबांचा २८ आणि ३० होता. तो मागच्या नसेवर पडत राहतो आणि तंतू मरत जातात. दुखत नाही, खुपत नाही, लाली नाही. रक्तदाबाशीही याचा सरळ संबंध नाही. 'बी.पी.ची गोळी चालू आहे, मग डोळ्याचाही दाब ताब्यात असेल' असं समजणारे खूप भेटतात, ते बरोबर नाही.

दाब २१च्या आत असूनही काहींची नस जळते, आणि २४ असूनही काहींची वर्षानुवर्षं शाबूत राहते. म्हणून केवळ दाबाच्या आकड्यावर काचबिंदू ठरत नाही. नस बघावी लागते, कोन बघावा लागतो, बुबुळाची जाडी मोजावी लागते, आणि नजरेचं क्षेत्र तपासावं लागतं.

नजरेच्या क्षेत्राचं जरा सविस्तर सांगते, कारण बाबांची गोष्ट तिथेच अडली आहे. एस.टी.त असताना त्यांचे डोळे तपासले जात. समोरचा तक्ता, खालची बारीक ओळ, सगळं वाचलं की पास. तो तक्ता मधली नजर तपासतो. काचबिंदू खातो ती बहुतेक वेळा बाजूची नजर, आणि मधली अगदी शेवटपर्यंत ठेवतो. त्यामुळे "माझे डोळे सिक्स बाय सिक्स" म्हणणाऱ्या माणसाची अर्धी नस गेलेली असू शकते. आणि गेलेल्या जागी काळा डाग दिसत नाही, मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो. गडग्याच्या जागी त्यांना रस्त्याचीच माती दिसली असेल. जे दिसलंच नाही ते दिसलं नाही, हे माणसाला कळणार कसं? त्यातून एका डोळ्याचं उणं दुसरा डोळा झाकून घेतो. म्हणून "काय फरक पडूक नाय" हे बाबांचं म्हणणं त्यांच्यापुरतं अगदी प्रामाणिक आहे.

तेव्हा हो, सांगा. पण तुम्ही एकट्याने, संध्याकाळी ओटीवर बसवून, पडक्या चेहऱ्याने सांगू नका. पुढच्या तपासणीला नजरेच्या क्षेत्राची चाचणी करून घ्या. पेरिमेट्री म्हणतात तिला. एका अर्धगोलात बघत बसायचं आणि बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. कंटाळवाणी आहे, पहिल्या खेपेला बऱ्याच जणांना नीट जमत नाही, पुन्हा करावी लागते. तिचा कागद निघतो, त्यावर दिसत नाही तो भाग काळपट उमटतो. तो कागद डॉक्टरांना बाबांच्याच हातात द्यायला सांगा, तुमच्या नव्हे. हा गेलेला भाग, हा राहिलेला भाग. त्यांचा डोळा, त्यांचा कागद.

आणि मग त्यांच्याच भाषेत बोला. फोंडा घाट उतरताना ब्रेक दाबला म्हणून गाडी मागे वर चढत नाही, पण दरीतही जात नाही. थेंब म्हणजे तो ब्रेक. मी एका निवृत्त ड्रायव्हरकाकांना हे असंच सांगितलं होतं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "असा आधी कोण बोललाच नाय." पुढे ती बाटली त्यांनी कधी चुकवली नाही.

ब्रेक खरंच लागतो का, हेही बाबा विचारतील. विचारायलाच हवं. स्वीडनमध्ये नव्याने काचबिंदू सापडलेल्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. सहा वर्षांच्या आसपास पाठपुरावा केल्यावर, उपचार न घेतलेल्यांपैकी ६२ टक्क्यांचा आजार पुढे सरकला होता. उपचार घेतलेल्यांपैकी ४५ टक्क्यांचा. दाबाचा एकेक आकडा खाली आला की पुढे सरकण्याची जोखीम साधारण १० टक्क्यांनी उतरते, असंही त्यातच दिसलं. हे ४५ मी मुद्दाम सांगते. थेंब घालूनही काहींचा आजार सरकतो, म्हणूनच दर तीन ते सहा महिन्यांनी दाब आणि वर्षातून निदान एकदा क्षेत्र तपासावं लागतं. ब्रेक कमी पडतोय असं दिसलं तर औषध वाढवता येतं, बदलता येतं, दुसरा मार्ग धरता येतो.

भावाचं ऑपरेशनचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. दूर राहणाऱ्या मुलाला काहीतरी एकदाचं, ठोस करावंसं वाटतं, ते समजतं. पण त्याच्या मनातलं ऑपरेशन आणि खरं ऑपरेशन यांत अंतर आहे. काचबिंदूचं ऑपरेशन केलं तरी नजर वाढत नाही. ते करतं तेच जे थेंब करतात, दाब उतरवतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागात वरच्या पापणीआड एक नवी वाट केली जाते, त्यातून पाणी झिरपत राहतं. ती वाट बुजू नये म्हणून पुढचे कित्येक आठवडे वरचेवर जावं लागतं, टाके सोडवावे लागतात, वेगळे थेंब असतात. तिथे पुढे कितीही वर्षांनी जंतुसंसर्ग होऊ शकतो. ऑपरेशन झालेला डोळा लाल झाला, दुखला, चिकटला तर त्याच दिवशी गाठावं लागतं. काहींची नजर ऑपरेशननंतर थोडी उणीही होते. थेंबांनी दाब आवरत नसेल, किंवा आजार फार पुढे गेला असेल, तर हे सगळं पत्करणं योग्य असतं. बाबांच्या बाबतीत थेंब हरले की नाही, हे अजून कळलेलंच नाही; ते आठ महिने डोळ्यात गेलेलेच नाहीत.

मधला एक मार्ग आहे तो तुमच्या पत्रात नाही. लेसर. कोन उघडा असलेल्या काचबिंदूत त्या जाळीवर लेसरचे ठिपके देतात, पाणी मोकळं वाहायला मदत होते. पाच-दहा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. २०१९ साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात आधी लेसर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय हवा तो दाब राखता आला होता. ते लोक नव्याने सापडलेले, बहुतेक सौम्य आजाराचे होते. बाबांना तेवढाच उपयोग होईल असं मी म्हणत नाही, आणि त्याचा परिणाम काही वर्षांनी ओसरूही शकतो. पण दम्यामुळे एक औषध बाद झालं आणि दुसऱ्याने डोळे चुरचुरत असतील, तर हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यासारखा नक्की आहे. कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी, मुंबई, जिथे जाणं जमेल तिथे जाण्याआधी फोन करून लेसर आणि पेरिमेट्री दोन्ही तिथे होतं का ते विचारून घ्या. एवढ्या लांब जाऊन 'मशीन बंद आहे' ऐकावं लागू नये.

त्याआधी एक विचारा: "बाबांच्या डोळ्याचा कोन उघडा आहे की अरुंद?" कोन अरुंद असेल तर लेसर वेगळा असतो, रंगीत पडद्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र पाडतात. आपल्याकडे आशियात हा अरुंद कोनाचा प्रकार बराच आहे, बायकांत जास्त. इतर वाचकांसाठीही सांगते. अशा डोळ्यात कधी कधी कोन अचानक पूर्ण मिटतो. रात्री डोळा लालबुंद होतो, असह्य दुखतो, अर्धं डोकं फुटतं, उलट्या सुरू होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. घरात म्हणतात पित्त उसळलं, कोकम द्या, पडून राहा. तसं करू नका. तो डोळा तासांच्या हिशोबात जातो. त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

आता थेंब घालण्याचं. इथे मी रेंगाळणार आहे, कारण सोडलेली औषधं निम्मी वेळ इथेच सुटलेली असतात. बाबांना थेंब घालताना तुम्ही कधी बघितलंय? बघा. टीका न करता नुसतं बघा. हात थरथरतो का, थेंब गालावर पडतो का, बाटली दाबायला जोर पुरतो का. रात्री घालायच्या लॅटानोप्रॉस्टसारख्या औषधाच्या अडीच मिलिलीटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन डोळ्यांना रोज एकेक म्हटलं तर महिन्याला ६० लागतात. कुणी खात्रीसाठी तीन-तीन घातले तर बाटली दोन आठवडेही पुरत नाही, मग महिन्यातून दोनदा पैसे, मग 'पुढच्या महिन्यात आणू'. डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही, थोडा बाहेरच सांडतो. एकच पुरे.

बाबांना खाटेवर आडवं करा. खालची पापणी बोटाने हलकी ओढून तिथे एक थेंब. मग डोळा अलगद मिटायचा, मिचकवायचा नाही, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. याने औषध डोळ्यातच राहतं, नाकात आणि रक्तात कमी जातं. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. फोडली त्या दिवसाची तारीख बाटलीवर पेनाने लिहायची आणि महिना झाला की उरली तरी टाकून द्यायची. रोजच्या ठरलेल्या कामाला थेंब बांधून टाका. तुमच्याकडे संध्याकाळी दिवा लावला जात असेल, किंवा बाबा रात्री ठरावीक वेळी बातम्या ऐकत असतील, तर लगेच त्यानंतर. चुकला तर आठवेल तेव्हा एक घाला, दुसऱ्या दिवशी दोन नकोत.

डोळे थोडे लाल होणं, पापण्यांचे केस लांब होणं, पापणीची कातडी काळवंडणं हे लॅटानोप्रॉस्टच्या जातीच्या औषधांनी होतं. आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. ब्रिमोनिडिन नावाच्या थेंबांनी काहींना झोप येते, तोंड कोरडं पडतं, काहींचे डोळे ॲलर्जीने सुजतात. डोर्झोलामाइड झोंबतं आणि तोंड कडू होतं. हे सगळं बाबांनी सोसलं असेल आणि कुणाला बोलले नसतील. विचारा.

आपल्याकडचा पाऊस आणि वीज हाही औषधाचा भाग धरावा लागतो. काही कंपन्यांचं लॅटानोप्रॉस्ट उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, काहींचं बाहेर चालतं. वादळात दोन-दोन दिवस वीज नसते, तेव्हा बाहेर चालणारं आहे का ते दुकानदाराला विचारून घ्या. आणि जूनच्या आधी एक जास्तीची बाटली घरात हवी. घाट बंद पडला, माल आला नाही, म्हणून आठवडाभर थेंब चुकले असं व्हायला नको. भावाला मदत करायची आहे ना? दर महिन्याच्या बाटल्यांचं काम त्याच्याकडे द्या. हे ऑपरेशनइतकंच ठोस काम आहे.

आत्यांचा मध नको. त्या माया करूनच सांगताहेत, पण स्वयंपाकघरातल्या मधात जंतू असू शकतात, आणि दाब मोजून तो उतरल्याचं कुणी दाखवलेलं नाही. मध, कांद्याचा रस, तूप, गुलाबपाणी, डॉक्टरांनी लिहून दिल्याखेरीज काहीच डोळ्यात जाऊ देऊ नका. याच ओघात आणखी एक: डोळे लाल झाले की मेडिकलमधून आणलेले 'लाल डोळ्याचे थेंब'. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत डोळा पांढरा होतो, म्हणून माणूस ते महिनोन्‌महिने घालतो, आणि स्टेरॉइडने दाब चढून काचबिंदू होतो. एक पंचविशीतला खलाशी असाच आला होता, खाऱ्या वाऱ्याने डोळे लाल व्हायचे म्हणून दोन वर्षं तेच थेंब घालत होता. त्याचा डावा डोळा गेला. पंचवीस वर्षांच्या मुलाचा.

स्कूटर थांबवावी लागेल, ताई. नजरेच्या क्षेत्राचा कागद हातात येऊन डॉक्टर 'चालवायला हरकत नाही' म्हणेपर्यंत तरी. दोनदा गडगा होता, तिसऱ्यांदा शाळेतून सुटलेलं पोर असू शकतं. पण किल्ली लपवू नका. वर्षानुवर्षं ज्याच्या हातात पन्नास माणसांचा जीव सोपवलेला होता, त्याच्याकडून किल्ली लपवणं म्हणजे त्याला लहान मूल करणं. हेही खरं सांगण्याचाच भाग आहे. कागद दाखवा, डाव्या बाजूचा काळा भाग दाखवा, आणि विचारा, "तुमच्या डेपोत अशा ड्रायव्हरला गाडी दिली असती का?" उत्तर तेच देतील. त्यांचा तो दिवस वाईट जाईल. तेवढा जाऊ द्या, घाईघाईने समजूत घालू नका. बाजाराला रिक्षा ठरवून द्या, कुणाबरोबर जातील ते बघा, घरी बसून राहणार नाहीत एवढं करा. चालणं तर उलट चांगलं, नियमित चालण्याने डोळ्याचा दाब थोडा उतरतो. शीर्षासन मात्र नको, त्यात तो दुपटीच्या आसपास चढतो. वाचन, टीव्ही, मोबाइल यांनी काचबिंदू वाढत नाही, वाचू देत त्यांना हवं तेवढं.

घराच्या पायऱ्या चिऱ्याच्या असतील. चिरा आणि माती एका रंगाची, कमी झालेल्या नजरेला पायरीची कड कळत नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला चुन्याचा जाड पट्टा ओढा. खळ्यात आणि विहिरीच्या वाटेवर दिवा लावा. एका दुपारचं काम आहे.

आता एक गोष्ट, जी तुम्ही पत्रात विचारली नाही. काचबिंदू घराण्यात उतरतो. आईवडील किंवा सख्ख्या भावंडात असला की आपल्याला होण्याची जोखीम अनेक पटींनी वाढते. तुम्ही ४३ वर्षांच्या, भाऊही त्याच वयाच्या आसपास. मध सुचवणाऱ्या आत्या तर बाबांची सख्खी बहीण. भारतात चाळिशीच्या पुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला होता, आणि आंध्र-तमिळनाडूत घरोघरी केलेल्या पाहण्यांत ज्यांना तो निघाला त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांना आधी त्याचा पत्ताच नव्हता. बाबांनाही शिबिरात गेले नसते तर कळलं नसतं. तुम्हाला नंबरचा चष्मा लागला असेल आणि चष्म्याच्या दुकानात 'डोळे चांगले आहेत' म्हटलं असेल, तर ते फक्त मधल्या नजरेचं आहे, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. दाब, नस आणि कोन, या तीन गोष्टी बघून घ्यायच्या. काही निघालं नाही तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा. भावाने मुंबईत करावी, गणपतीपर्यंत थांबू नये.

बाबांना नेणार आहात त्याच दिवशी तुमची आणि आत्यांची तपासणी करून घ्या. आत्यांना "तुमचे डोळे तपासायचे" म्हणाल तर येणार नाहीत, "बाबांना सोबत म्हणून चला" म्हणा, आणि तिथे पोचल्यावर केसपेपर काढा. वापरात असलेल्या आणि सोडलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, दम्याचा पंप आणि बी.पी.च्या गोळ्या असतील तर त्याही. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, नंतर चार-पाच तास उन्हाकडे बघवत नाही आणि जवळचं अंधुक दिसतं. स्कूटर नको, तिघंही एस.टी.नेच जा.